धुळीची चौकशी करणारा डॉक्टर

मी लहान असताना दौंडला आमच्या गल्लीत पाट्याला टाकी लावणारे एक बाबा यायचे. घरात मिक्सर होता, तरी आजीला वाटणासाठी पाटाच लागायचा. अंगणात पोतं टाकून ते बसायचे, छिन्नी-हातोडीची टकटक चालू व्हायची आणि थोड्याच वेळात बाबांच्या मिशा, भुवया सगळं राखाडी होऊन जायचं. आम्हा पोरांना त्याची गंमत वाटायची. मध्येच त्यांना खोकला यायचा, मग टकटक बराच वेळ बंद. आजी त्यांना चहा द्यायची, पण कप वेगळा. त्यांना टीबी आहे, जवळ जाऊ नका, असं आम्हाला बजावायची. त्यांचा सहा-सहा महिन्यांच्या गोळ्यांचा कोर्स दोनदा झाला होता. खोकला काही गेला नव्हता. मग एका वर्षी ते आलेच नाहीत.

हे सगळं मी विसरून गेले होते. आठवलं ते सेकंड इयरच्या सुट्टीत, कुरकुंभच्या बाजूला एका साइटवर ट्रेनिंगला गेले तेव्हा. मशिनच्या बेस फ्रेमसाठी काँक्रीटच्या फ्लोअरला होल मारून केमिकल अँकर बसवायचे होते. होल मारणारा दादा माझ्याच वयाचा. नाकाला रुमाल, हातात रोटरी हॅमर (साइटवर सगळे त्याला हिल्टीच म्हणतात, कंपनी कुठली का असेना!). होल मारून झालं की आतली धूळ काढावी लागते, नाहीतर केमिकल काँक्रीटला धरत नाही. त्यासाठी हातपंप मिळतो. तो आमच्याकडे नव्हता, म्हणून प्लास्टिकची नळी होलात घालून तोंडाने फुंकायची पद्धत होती. एक दिवस हौसेने मी पण फुंकली. सगळी धूळ उलटी माझ्याच तोंडावर! दिवसभर दाताखाली कचकच. तो दादा हसला आणि त्याने मला शिकवलं की ताई, डोळे मिटून फुंकायचं आणि लगेच मान वळवायची. त्याला हे कोणी शिकवलं होतं, कुणास ठाऊक.

रात्री मी हिशेब केला. होल 18 मिलिमीटरचं, खोली 125 मिलिमीटर. म्हणजे जवळजवळ 32 घन सेंटिमीटर काँक्रीट, वजनाने 75 ग्रॅमच्या वर. दिवसाला 40 होल म्हटली तर तीन किलो. त्यातली बहुतेक भुकटी खाली पडते, झाडून गोणीत भरली जाते. उरलेली हवेत.

मग लायब्ररीत इंडस्ट्रियल सेफ्टीचं एक जाडजूड पुस्तक चाळताना पहिल्याच पानावर अर्ध्या ओळीत एक नाव सापडलं : बर्नार्दिनो रामाझिनी. त्याला कामगारांच्या आजारांच्या शास्त्राचा जनक म्हणतात. एवढं लिहून पुस्तक पुढच्या चॅप्टरला गेलं. मी मात्र त्या नावाला अडकले.

रामाझिनीचा जन्म 1633 चा, इटलीतल्या कार्पी नावाच्या छोट्या गावातला. म्हणजे आपल्या शिवाजी महाराजांपेक्षा तीन वर्षांनी लहान. शाळा जेझुइट पाद्र्यांची. (मी कॉन्व्हेंटची असल्यामुळे मला हे वाचून जरा बरं वाटलं, उगाच खोटं कशाला बोला!) पार्मा विद्यापीठातून 1659 मध्ये तो डॉक्टर झाला. पुढे रोमच्या उत्तरेला कानिनो आणि मार्ता या खेड्यांमध्ये त्याने प्रॅक्टिस सुरू केली. तिथे त्याला स्वतःलाच मलेरियाने असं धरलं की सगळं सोडून घरी कार्पीला यावं लागलं. तब्येत सुधारल्यावर 1671 मध्ये तो जवळच्या मोडेना शहरात आला. तिथल्या जुन्या डॉक्टरांनी या खेडवळ माणसाचं काही फार प्रेमाने स्वागत केलं नाही. भांडणं झाली, एकमेकांविरुद्ध लेख झाले. ती मी सोडून देते, कारण ती वाचून मलाच कंटाळा आला. शेवटी 1682 मध्ये मोडेनाच्या विद्यापीठात तो प्रोफेसर झाला.

त्याचं मन एका जागी रमत नसावं. 1690 मध्ये मोडेनाच्या आसपासच्या शेतांत पिकांवर तांबेरा पडला, खेड्यांत तापाची साथ आली, तर हा त्या वर्षाचं हवामान, पीक आणि ताप यांचा एकत्र अभ्यास करत बसला. दुसऱ्या वर्षी त्याने मोडेनाच्या विहिरींवर पुस्तक लिहिलं. डॉक्टर आणि विहिरी! पण विहिरी खरंच अजब होत्या. कामगार खोल खणत जायचे, तळाशी कठीण थर लागला की त्याला गिरमिटाने भोक पाडायचे, आणि त्या भोकातून पाणी एवढ्या जोरात उसळायचं की त्यांना पटकन वर यावं लागायचं. रामाझिनीने याचं कारण पाण्याच्या दाबात शोधलं.

हे वाचताना मला शिरूर डोळ्यांपुढे आलं. माझा मामा शिरूर तालुक्यात न्हावऱ्याच्या पुढे राहतो. तिकडे उन्हाळ्यात बोअरची गाडी येते, बहुतेक वेळा तमिळनाडूची. कॉम्प्रेसरच्या हवेने खालचा चुरा वर फेकला जातो आणि पाणी लागेपर्यंत पांढरट धुळीचा ढग शेतभर पसरतो. सगळ्यांचे डोळे एकाच गोष्टीकडे : धूळ ओली कधी होते. ती ओली झाली की घरात पेढे. तोपर्यंत ढगात उभ्या असलेल्या गाडीवरच्या पोरांकडे कोण बघतंय? मी तरी कधी बघितलं नव्हतं.

रामाझिनीने बघितलं, आणि तेही स्वतःच्याच घरात. मोडेनात घरोघरी मैल्याचे हौद असायचे आणि ते ठरावीक वर्षांनी उपसावे लागायचे. त्याच्या घरचा हौद उपसणारा माणूस जिवाच्या आकांताने घाई करत होता. रामाझिनीने त्याला इतकी घाई कशाला करतोस म्हणून विचारलं. त्यावर त्या माणसाने सांगितलं की इथे जास्त वेळ राहिलं की डोळे जातात. काम संपलं की तो घरी जाऊन अंधाऱ्या खोलीत बसून राहायचा आणि कोमट पाण्याने डोळे धुवायचा. मग रामाझिनीने शहरात शोध घेतला, तर हे काम करून दृष्टी गेलेले लोक त्याला भीक मागताना सापडले. एवढ्यावरून त्याचं पुढचं आयुष्य ठरलं म्हणायला हरकत नाही.

तो सुतार, कुंभार, लोहार, आरसे करणारे, गिरणीवाले, पाथरवट यांच्या दुकानांत जाऊन बसू लागला. विद्यापीठाचा प्रोफेसर असल्या जागी जातो हेच तेव्हा लोकांना चमत्कारिक वाटलं असणार. त्या काळचे डॉक्टर हिपोक्रेटिसने सांगितलेले प्रश्न पेशंटला विचारायचे : काय होतंय, कधीपासून, कशामुळे. रामाझिनीने त्यात एक प्रश्न वाढवला, की तुझा धंदा कोणता? गरीब माणसाच्या घरी गेल्यावर नाडी बघून लगेच उठू नये, मिळेल त्या साध्या स्टुलावर बसावं आणि हा प्रश्न विचारावा, असं त्याचं सांगणं होतं. 1700 साली त्याचं लॅटिन पुस्तक आलं. त्यात चाळीसहून जास्त धंद्यांचे आजार धंद्यावार लिहिलेले आहेत.

पाथरवटांचं प्रकरण मी दोनदा वाचलं. दगड फोडताना उडणारे बारीक, टोकदार कण श्वासाबरोबर आत जातात, त्याने खोकला लागतो, काहींना दमा होतो, काही क्षय झाल्यासारखे झिजतात, असं तो सांगतो. उट्रेख्टच्या डीमरब्रूक नावाच्या डॉक्टरने दम्याने मेलेल्या पाथरवटांची प्रेतं उघडून पाहिली होती, तेही रामाझिनीने नोंदवलंय. त्या फुप्फुसांत वाळूचे ढीग होते, आणि सुरी चालवताना वाळूच कापतोय असं डॉक्टरला वाटलं. दुसरी नोंद तर कुठल्याही लॅबमधल्या प्रयोगासारखी आहे. पाथरवटाच्या दुकानात बैलाचं मूत्राशय फुग्यासारखं टांगून ठेवलं, तर वर्षभरात त्याच्या आत मूठभर धूळ जमते. बंद पिशवीच्या आत! दिसणारी धूळ वेगळी आणि आत घुसणारी वेगळी, हे सूक्ष्मदर्शकाशिवाय याहून चांगलं कसं दाखवणार?

आज आपल्याला आकडे माहीत आहेत. साधारण 10 मायक्रॉनच्या वरचे कण नाकात, घशात अडकतात. 4-5 मायक्रॉनच्या खालचे थेट फुप्फुसाच्या शेवटच्या पिशव्यांपर्यंत पोचतात. त्यात क्वार्ट्झ, म्हणजे स्फटिकरूप सिलिका असेल, तर शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी ती गिळतात आणि स्वतःच मरतात. तिथे वण पडतो, फुप्फुस दगडासारखं होत जातं, आणि हे परत बरं होत नाही. याला सिलिकोसिस हे नाव 1870 मध्ये मिळालं, रामाझिनी जाऊन दीडशेहून जास्त वर्षं झाल्यावर. एक्स-रेवर तो टीबीसारखा दिसू शकतो. शिवाय सिलिकोसिस असलेल्याला टीबी चटकन होतोही, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. पेशंटला धंदा विचारला नाही, तर गोळ्या टीबीच्या आणि छिन्नी पुन्हा हातात. इथे मला बाबांचा वेगळा कप आठवला.

आपल्याकडचा काळा दगड बेसाल्ट, त्यात सुटा क्वार्ट्झ कमीच. सिलिका असते, पण बहुतेक दुसऱ्या खनिजांत बांधलेली. हे वाचून मी आधी निश्चिंत झाले होते. पण त्याच दगडाच्या पोकळ्यांत गारगोटी भरलेली असते. काँक्रीटमधली वाळू कुठून आली हे होल मारणाऱ्याला कोण सांगतं? अमेरिकेत 2016 मध्ये आठ तासांची मर्यादा घनमीटरला 50 मायक्रोग्रॅम ठरली. म्हणजे असली एक ग्रॅम बारीक सिलिका 20,000 घनमीटर हवा त्या मर्यादेपर्यंत न्यायला पुरते. आपल्या मेससारखे कित्येक हॉल! आमच्या दिवसाच्या तीन किलोतली किती ग्रॅम तशी होती ते कोणी मोजलं नाही.

रामाझिनीकडे उपाय थोडे होते, ते त्याने सांगितले. पाथरवटांनी कण तोंडाने आत जाणार नाहीत याची होईल तेवढी काळजी घ्यावी, पीठ आणि धान्य हाताळणाऱ्यांनी तोंडाला कापड बांधावं, तोंड धुवावं. त्या काळी कापडापलीकडे काही नव्हतंच. पण कापडाच्या विणीतून पाच मायक्रॉनचा कण आरामात जातो. 325 वर्षांनंतर आमच्या साइटवरही कापडच होतं, हे मला लिहितानासुद्धा लाजिरवाणं वाटतं.

खरा उपाय धूळ उडूच न देण्याचा. अमेरिकेत लेनर नावाच्या माणसाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पोकळ ड्रिल काढलं. आधी त्याने त्यातून हवा सोडली, तर एवढी धूळ उडाली की खाणकामगारांनी ते मशीन वापरायला नकार दिला. मग त्याने पाणी सोडलं आणि ते जगभर चाललं. तरी 1930-31 मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या हॉक्स नेस्ट बोगद्यात सिलिकाने भरलेला डोंगर कोरडाच ड्रिल केला गेला आणि शेकडो मजूर सिलिकोसिसने मेले. पाणी माहीत होतं, वेळ घालवायचा नव्हता.

आमच्या कामाला पाणी तसं सोपं नाही. विजेच्या मशीनवर पाणी म्हणजे शॉकची भीती, आणि काही केमिकल ओल्या होलात धरत नाहीत. तिथे बिटभोवती बसणारं झाकण आणि त्याला जोडलेला चांगल्या फिल्टरचा व्हॅक्युम लागतो, किंवा पोकळ बिट, ज्यातून होल पडतानाच भुकटी ओढली जाते. साधा घरगुती व्हॅक्युम चालत नाही, तो बारीक धूळ मागून परत सोडतो. झाडू पण कोरडा मारायचा नाही. आणि फुंकायचं तर अजिबात नाही. मी सुपरवायझर सरांना हे भीत भीत सांगितलं. शेवटच्या आठवड्यात हातपंप आला आणि कुठून तरी भाड्याने व्हॅक्युमही आला. झाकण नव्हतंच. दादाने प्लास्टिकच्या डब्याला बिटाएवढं भोक पाडून, कडेला नळी खोचून ते बनवलं. ते बऱ्यापैकी चाललं. माझं ट्रेनिंग संपल्यावर व्हॅक्युमचं भाडं पुढे कोणी भरलं का, ते मी विचारलेलं नाही.

रामाझिनी पुस्तक आलं त्याच वर्षी, 67 व्या वर्षी, मोठ्या पादुआ विद्यापीठात गेला. तोपर्यंत त्याची नजर जात चालली होती. ज्याचा अभ्यास दुसऱ्याच्या डोळ्यांपासून सुरू झाला, त्याला शेवटी वाचून दाखवायला दुसऱ्यांची मदत घ्यावी लागली. तरी त्याने पुस्तकात आणखी 12 धंदे वाढवले, आणि दुसरी आवृत्ती 1713 मध्ये काढली. आपल्याकडे त्याच वर्षी बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले. पुढच्या वर्षी, 5 नोव्हेंबर 1714 ला, मेंदूच्या झटक्याने तो गेला. वय 81.

दिवाळीत दौंडला गेले तेव्हा मी आजीला त्या बाबांचं नाव विचारलं. तिला आठवलं नाही. पाटा अजून न्हाणीघराच्या भिंतीला उभा आहे, त्यावरच्या टाकीच्या खुणा गुळगुळीत झाल्यात. बाबांचा मुलगा शिरूरच्या बाजूला खडी क्रशरवर कामाला लागला, एवढंच तिला माहीत होतं.