ग्रेस हॉपर : वहीत चिकटवलेलं पाखरू आणि बिघाड शोधण्याची कला

कॉम्प्युटर बिघडला की आपण काय करतो? बंद करून चालू करतो. तरी नाही जमलं तर यूट्यूब उघडतो आणि पहिल्या व्हिडिओत जे सांगितलंय ते सगळं एका दमात करून टाकतो. मग नक्की कशामुळे सुरू झाला हे कळत नाही, आणि जास्त बिघडला तर कशामुळे बिघडला हेही कळत नाही. या साइटवर आपण सेटिंग्ज आणि ट्रिक्स नेहमीच बघतो. आज मात्र एका बाईंची गोष्ट सांगतो, ज्यांचं अर्धं आयुष्य बिघाड शोधण्यात गेलं. डिबगिंग हा शब्द आपण जिथे तिथे वापरतो, त्याच्याशी त्यांचं नाव कायमचं जोडलं गेलंय.

ग्रेसचा जन्म ९ डिसेंबर १९०६ चा, न्यूयॉर्कमधला. सात वर्षांची असताना तिला गजराचं घड्याळ आतून कसं चालतं ते बघायचं होतं. तिने एक घड्याळ उघडलं, ते परत जोडता येईना. म्हणून दुसरं उघडलं, मग तिसरं. आईच्या लक्षात येईपर्यंत घरातली सात घड्याळं खोलून झाली होती! आईने मारलं वगैरे नाही. यापुढे एकाच घड्याळाशी खेळायचं, एवढंच ठरवून दिलं. मला ही आई फार आवडते. आपल्याकडे रिमोटचं मागचं झाकण काढलं तरी पाठीत धपाटा बसायचा.

१९२८ मध्ये व्हॅसर कॉलेजातून गणित आणि भौतिकशास्त्र घेऊन पदवी आणि १९३४ मध्ये येल विद्यापीठातून गणितात पीएचडी. मधल्या काळात लग्न झालं, व्हॅसरमध्ये शिकवण्याची नोकरी लागली. आयुष्य असंच प्राध्यापकीत गेलं असतं, पण दुसरं महायुद्ध आलं. हॉपरबाईंना नौदलात जायचं होतं. वय बसत नव्हतं, वजनही नियमापेक्षा जवळजवळ ७ किलो कमी. खास सवलत मिळवून १९४३ मध्ये त्या राखीव दलात घुसल्याच आणि प्रशिक्षणात पहिल्या आल्या. जहाजावर नाही, तर जुलै १९४४ मध्ये त्यांना हार्वर्ड विद्यापीठात पाठवलं गेलं. तिथे हॉवर्ड एकेन या कडक स्वभावाच्या साहेबाच्या हाताखाली एक अजस्र यंत्र होतं, मार्क वन.

५१ फुटांचा कॉम्प्युटर

मार्क वन ५१ फूट लांब, ८ फूट उंच आणि सुमारे ५ टन वजनाचं होतं. सेकंदाला ३ बेरजा करायचं, एका गुणाकाराला साधारण ६ सेकंद लागायचे. तुमच्या हातातला स्वस्तातला फोनसुद्धा सेकंदाला कोट्यवधी आकडेमोडी करतो. पण त्या काळी हे काम माणसं कागदावर करायची, त्यामानाने हे यंत्र म्हणजे रॉकेटच. स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही. कागदी पट्टीवर भोकं पाडून सूचना द्यायच्या. एक भोक चुकीच्या जागी पडलं की उत्तर चुकलं.

यंत्र रात्रंदिवस चालायचं, कारण नौदलाला तोफांच्या माऱ्याचे तक्ते हवे असायचे. जॉन फॉन नॉयमन यांनीही १९४४ मध्ये एक अवघड गणित आणून दिलं होतं. ते अणुबाँबसाठी आहे हे चालवणाऱ्यांना तेव्हा ठाऊक नव्हतं.

एकेनसाहेबांनी हॉपरबाईंना एक काम लावलं, या यंत्राचं मॅन्युअल लिहायचं. त्यांनी कधी पुस्तक लिहिलेलं नव्हतं, पण नौदलात वरिष्ठाने सांगितलं की विषय संपतो. १९४६ मध्ये पाचशेहून जास्त पानांचं ते पुस्तक निघालं. नवा प्रिंटर घेतल्यावर त्यातली पुस्तिका आपण खोक्यातच ठेवून देतो ना, त्या जातीच्या लेखनाची ही एक पूर्वज. यंत्राचा कुठला भाग काय करतो हे लिहून काढायचं तर आधी स्वतःला कळावं लागतं.

९ सप्टेंबर १९४७, दुपारी पावणेचार

आता ती प्रसिद्ध गोष्ट. मार्क वननंतर हार्वर्डमध्येच मार्क टू बांधलं जात होतं. त्यात हजारो रिले होते. रिले म्हणजे काय? लाइट गेल्यावर घरचा इन्व्हर्टर टक् असा आवाज करतो, तो रिलेचा. आत एक छोटं चुंबक असतं, वीज आली की ते धातूची पट्टी ओढतं, दोन टोकं जुळतात आणि सर्किट पूर्ण होतं. उन्हाळ्याचे दिवस, एसी नव्हता, खिडक्या उघड्या असायच्या, असं हॉपरबाई पुढे सांगायच्या. त्या दिवशी यंत्र नीट चालेना. शोधता शोधता एफ पॅनेलमधल्या ७० नंबरच्या रिलेत एक पाखरू सापडलं, दिव्याभोवती घिरट्या घालतात तसलं. टोकांच्या मध्ये अडकून मेलेलं. ऑपरेटरनी ते काढलं, लॉगबुकात चिकटपट्टीने चिकटवलं आणि खाली मिश्कील नोंद केली की खराखुरा किडा सापडण्याची ही पहिलीच वेळ.

इथे दोन गैरसमज दूर करू, कारण व्हॉट्सॲपवर हे चुकीचं फिरत असतं. एक, पाखरू हॉपरबाईंना स्वतःला सापडलं नव्हतं. त्या त्या टीममध्ये होत्या आणि पुढे आयुष्यभर त्यांनी ही गोष्ट इतकी रंगवून सांगितली की ती त्यांचीच झाली. दुसरं, यंत्रातल्या बिघाडाला बग म्हणणं तेव्हा सुरू झालेलं नाही. एडिसनच्या १८७८ च्या पत्रातही हा शब्द या अर्थाने सापडतो. म्हणूनच तर वहीतली ती नोंद विनोद ठरते.

मला स्वतःला पाखरापेक्षा ती वही जास्त महत्त्वाची वाटते. किती वाजता, कुठलं पॅनेल, कितवा रिले, सगळं लिहिलेलं. आपल्यापैकी किती जण एरर आल्यावर त्याचा फोटो काढतात? बहुतेक जण ओके दाबून मोकळे होतात आणि मग मला मेसेज येतो की काहीतरी आलं होतं, आठवत नाही.

गेल्या दिवाळीत गावी गेलो तेव्हाची गोष्ट सांगतो. काकांच्या डेस्कटॉपवर अधूनमधून तारीख कित्येक वर्षं मागे जायची आणि मग कुठलीही वेबसाइट उघडली की कनेक्शन सुरक्षित नाही असं यायचं. एका दुरुस्तीवाल्याने विंडोज दोनदा नव्याने टाकून पैसे घेतले होते. काकूंनी मात्र भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, ज्या दिवशी असं झालं त्या तारखेवर बारीक फुली मारून ठेवली होती, आणि लाइट गेली त्या दिवसांवर गोल. प्रत्येक फुलीबरोबर गोल होता! लाइट असताना मदरबोर्डवरचं घड्याळ बटण बंद असलं तरी चालू राहतं. लाइट गेली की ते एका नाण्याएवढ्या बॅटरीवर चालतं, आणि ती बॅटरी संपली होती. वेबसाइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राला मुदत असते. तारीखच चुकीची असेल तर ब्राउझरला ते प्रमाणपत्र खोटं वाटतं. कॉम्प्युटर बंद केला, प्लग काढला, सीआर २०३२ सेल बदलला, तारीख नीट लावली. विषय संपला. श्रेय सगळं काकूंच्या कॅलेंडरला.

बँकेचा हिशेब का जुळेना

हॉपरबाईंचं आयुष्य मात्र सरळ रेषेत गेलं नाही. १९४५ मध्ये घटस्फोट झाला. युद्ध संपलं तरी हार्वर्डमध्ये बाईला कायमची जागा मिळेना. ताण वाढला, दारू वाढली. त्या काळात त्या पार कोसळल्या होत्या, हे त्यांच्या चरित्रकारांनी लपवलेलं नाही. १९४९ मध्ये त्या फिलाडेल्फियाला एकर्ट आणि मॉकली यांच्या छोट्या कंपनीत गेल्या आणि तिथे हळूहळू सावरल्या.

तिथल्या बायनॅक नावाच्या यंत्रासाठी त्या ऑक्टल, म्हणजे आठच्या पद्धतीने आकडेमोड करायला शिकल्या. या पद्धतीत ७ नंतर थेट १० येतो. आणि मग त्यांच्या बँक खात्याचा हिशेब जुळेनासा झाला. तीन महिने! शेवटी बँकेत काम करणाऱ्या भावाला बसवलं. त्याने कित्येक संध्याकाळी घालवून शोधून काढलं की बाई अधूनमधून वजाबाकी आठच्या पद्धतीने करत होत्या. बिघाड यंत्रात नव्हता, वहीत नव्हता, यंत्र चालवणाऱ्या माणसाच्या सवयीत होता.

हीच गोष्ट त्यांना ऑफिसातही दिसली. प्रोग्रामर एकमेकांच्या वह्यांतून तयार कोडचे तुकडे हाताने उतरवून घ्यायचे आणि त्यात पत्त्यांचे आकडे स्वतः बेरीज करून बदलायचे. हुशार माणसं, पण ४ चा त्रिकोण व्हायचा, बी चा १३ व्हायचा. दर वेळी तीच चूक शोधत बसण्यापेक्षा उतरवण्याचं कामच यंत्राला का देऊ नये? १९५२ पर्यंत त्यांचा ए-झीरो तयार झाला. तुकड्यांना नंबर द्यायचे, यंत्र ते शोधून जोडून देणार. त्यांनी त्याला कंपायलर म्हटलं. आजच्या भाषेत तो लिंकरच्या जास्त जवळचा होता, पण पहिलं पाऊल तेच. कॉम्प्युटर फक्त आकडेमोड करतो, प्रोग्राम लिहीत नाही, असं सांगून लोक बराच काळ त्याला हात लावेनात.

पुढची पायरी म्हणजे इंग्रजी शब्दांत प्रोग्राम लिहिणं, फ्लो-मॅटिक. साहेब लोकांना पटवायला त्यांनी तोच प्रोग्राम फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही चालवून दाखवला. साहेब घाबरलेच, अमेरिकन यंत्राला फ्रेंच कसं कळेल! यंत्राला इंग्रजी तरी कुठे कळतं? त्याला शब्द म्हणजे नुसती खूण. मराठी शब्द घातले असते तरी चाललं असतं. १९५९ मध्ये एका समितीने कोबोल भाषा ठरवली, तिचा मोठा पाया फ्लो-मॅटिकचा होता. हॉपरबाईंनी एकटीने कोबोल बनवली असं म्हणतात ते बरोबर नाही, पण त्यांच्याशिवाय ती तशी झाली नसती हेही खरं.

१९६६ मध्ये नौदलाने त्यांना निवृत्त केलं. वर्षभरात परत बोलावलं, सहा महिन्यांसाठी. त्या १९ वर्षं राहिल्या! नौदलात वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं होती, आणि एकावर चालणारा कोबोल प्रोग्राम दुसऱ्यावर अडायचा. माझ्या मशीनवर तर चालतंय, हे वाक्य आमच्या ऑफिसात रोज ऐकू येतं, तेच दुखणं. त्यांच्या टीमने कंपायलर तपासणारे ठरावीक प्रोग्राम लिहिले. पास झाला तरच घ्यायचा.

ऑफिसात त्यांनी उलटं फिरणारं घड्याळ लावलं होतं. नेहमीच्या सवयीपलीकडे बघायची लोकांना आठवण राहावी म्हणून. भाषणांत त्या साधारण ३० सेंटिमीटरचे टेलिफोनच्या तारेचे तुकडे वाटायच्या. एका नॅनोसेकंदात प्रकाश जास्तीत जास्त एवढंच अंतर जातो. उपग्रहामार्फत निरोपाला वेळ का लागतो, असं ॲडमिरल विचारायचे, त्यांना दाखवायला हा तुकडा. गेम खेळताना वायफायच्या सगळ्या कांड्या भरलेल्या असूनही पिंग कमी होत नसेल तर ही तार आठवा. सर्व्हर दुसऱ्या खंडात असेल तर राउटर कितीही वेळा बंद-चालू करा, मधलं अंतर कमी होत नाही. गेमच्या सेटिंगमध्ये जवळचा सर्व्हर निवडा.

ऑगस्ट १९८६ मध्ये, ७९ व्या वर्षी, त्या रिअर ॲडमिरल म्हणून निवृत्त झाल्या. १ जानेवारी १९९२ ला गेल्या. पाखरू चिकटवलेलं ते लॉगबुक आता वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या अमेरिकन इतिहास संग्रहालयाकडे आहे. अमेरिकन नौदलाच्या एका विनाशिकेला हॉपरबाईंचं नाव दिलंय. तिचा नंबर आहे ७०, त्या रिलेचा होता तोच.