दगडांचा क्रम ओळखणारा सर्व्हेअर

सिव्हिलच्या मुलांना इंजिनिअरिंग जिऑलॉजी नावाचा एक विषय असतो. बहुतेक जण तो पासिंगपुरता करतात. खडकांचे तीन प्रकार, दोन-चार आकृत्या, एक जिऑलॉजिकल मॅपचा प्रश्न आणि विषय संपला! पण त्या मॅपवरचे रंग पहिल्यांदा कोणी भरले असतील, असा प्रश्न कधी पडलाय का? मला पडला आणि उत्तर शोधताना एक असा माणूस भेटला की तो प्रोफेसर नव्हता, डिग्रीवाला नव्हता, तर चक्क आपल्याच लाईनचा, म्हणजे सर्व्हेअर होता. त्याचं नाव विल्यम स्मिथ.

स्मिथचा जन्म २३ मार्च १७६९ चा, इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायर परगण्यातल्या चर्चिल या खेड्यात. वडील लोहार. विल्यम आठ वर्षांचा असताना ते वारले आणि हा मुलगा शेतकरी काकांकडे वाढला. शिक्षण गावातल्या शाळेत जेवढं मिळालं तेवढंच. त्या भागातल्या शेतांत शिंपल्यासारखे गोल दगड सापडायचे. मुलं त्यांच्या गोट्या खेळायची. दुसरे मोठे गोल दगड लोणी तोलायला वजन म्हणून वापरले जायचे. हे सगळे खरं म्हणजे करोडो वर्षांपूर्वीच्या समुद्री प्राण्यांचे जीवाश्म! म्हणजे पुढे ज्या वस्तूंनी त्याचं नाव झालं, त्यांच्याशी तो लहानपणी खेळलाच होता.

अठराव्या वर्षी तो एडवर्ड वेब नावाच्या सर्व्हेअरचा मदतनीस झाला. साखळी ओढायची, मोजमापं घ्यायची, नकाशे काढायचे. काम करता करता तो शिकला. १७९१ मध्ये तो सॉमरसेट भागात गेला. तिथे कोळशाच्या खाणी होत्या. खाणीत उतरल्यावर त्याच्या लक्षात आलं की खडकांचे थर वाट्टेल तसे नसतात, त्यांना एक ठराविक क्रम असतो. एका खाणीत जो थर ज्याच्या खाली, दुसऱ्या खाणीतही तो त्याच्याच खाली.

तेव्हा इंग्लंडमध्ये कालव्यांचा जमाना होता. रेल्वे अजून यायची होती, त्यामुळे कोळसा बाजारात न्यायला बोटी हाच स्वस्त मार्ग. सॉमरसेट कोल कॅनॉलच्या सर्व्हेचं काम स्मिथला मिळालं. कालव्याच्या कामात जमिनीखाली काय आहे हे कळणं फार गरजेचं. खाली चिकणमाती असेल तर पाणी टिकतं, भेगाळ चुनखडक असेल तर पाणी जिरून जातं आणि पैसाही! १७९४ मध्ये कंपनीने त्याला दोन जणांबरोबर उत्तरेकडचे कालवे बघायला पाठवलं. घोडागाडीच्या खिडकीतून हा गृहस्थ टेकड्यांचे आकार आणि मातीचे रंग बघत बसला. त्याला पक्कं दिसलं की थर साधारण पूर्वेकडे कललेले आहेत आणि एकामागून एक जमिनीच्या वर डोकं काढतात. बशीत कलत्या मांडून ठेवलेल्या ब्रेडच्या स्लाइस डोळ्यांसमोर आणा, म्हणजे चित्र स्पष्ट होईल.

पण खरी अडचण पुढेच होती. दोन वेगवेगळे थर दिसायला अगदी सारखे असू शकतात. काळपट चिकणमातीचेच तिथे अनेक थर आहेत. मग हा कोणता आणि तो कोणता, हे ओळखायचं कसं? कालवा खोदताना मैलोन्‌मैल ताजं कटिंग त्याच्यासमोर उघडं पडत होतं. त्यात त्याला उत्तर मिळालं. प्रत्येक थराचे स्वतःचे जीवाश्म असतात. माती सारखी दिसली तरी आतले शिंपले वेगळे. आणि हे जीवाश्मही सगळीकडे त्याच क्रमाने येतात. म्हणजे शिंपला हा त्या थराचा जणू रोल नंबरच! आज पुस्तकात याला जीवाश्म अनुक्रमाचा नियम म्हणतात. खालचा थर जुना आणि वरचा नवा हे निकोलस स्टेनोने १६६९ मध्येच सांगितलं होतं. पण शंभर मैलांवरचे दोन थर एकच आहेत की नाहीत, हे ठरवायची युक्ती स्मिथने दिली.

याचा व्यवहारात उपयोग काय? तर काळी माती दिसली की खाली कोळसा असणार, अशा आशेवर लोक खड्डे खणून पैसे बुडवत होते. स्मिथ त्यातला शिंपला बघून सांगू शकायचा की ही माती कोळशाच्या थरांपेक्षा खूप वरची, इथे खणून काही मिळणार नाही.

१७९९ साली कालव्याची नोकरी सुटली. त्याच वर्षी बाथ शहरात त्याने दोन पाद्री मित्रांना, जोसेफ टाउनसेंड आणि बेंजामिन रिचर्डसन यांना, थरांचा पूर्ण क्रम तोंडी सांगितला आणि तो लिहून घेतला गेला. त्याच्या प्रती हातोहात पसरल्या. आपली कल्पना कोणी पळवेल याची त्याला फिकीर नव्हती, आणि हेच पुढे महागात पडलं. शेतातल्या पाण्याचा निचरा, बांध, खाणी अशी कामं घेत तो वर्षाला हजारो मैल फिरायचा. मिळालेला पैसा एकाच गोष्टीत जायचा, तो म्हणजे देशाचा जमिनीखालचा नकाशा.

१८१५ मध्ये तो नकाशा छापून आला. इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडचा काही भाग. पंधरा तुकडे जोडून साधारण साडेआठ फूट उंच आणि सहा फूट रुंद! स्केल एक इंचाला पाच मैल. प्रत्येक प्रतीत रंग हाताने भरलेले. प्रत्येक थराचा रंग तळाशी गडद आणि वर फिकट, त्यामुळे कोण कोणावर बसलंय ते बघताक्षणी कळावं. एवढ्या मोठ्या प्रदेशाचा असा तपशीलवार भूशास्त्रीय नकाशा त्याआधी कोणीच केला नव्हता, आणि हे काम एका माणसाने पायी, घोड्यावर आणि गाडीत बसून केलं होतं.

आता टाळ्या मिळायला हव्या होत्या, नाही का? पण १८०७ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या जिऑलॉजिकल सोसायटीत स्मिथला जागा नव्हती. तिथे बहुतेक सगळे श्रीमंत, शिकलेले ‘जंटलमन’. लोहाराच्या मुलाने मजुरी घेऊन केलेल्या कामाला ते शास्त्र कसं म्हणणार! सोसायटीचे पहिले अध्यक्ष जॉर्ज ग्रीनो यांनी १८२० मध्ये स्वतःचा नकाशा काढला. त्यात स्मिथची बरीच माहिती होती, पण श्रेय नव्हतं.

सोसायटीनेच त्याला तुरुंगात पाठवलं असं मात्र म्हणता येणार नाही. कर्ज व्हायला मोठं कारण त्याचा दगडाच्या खाणीचा धंदा होता. बाथजवळ त्याने खाण घेतली आणि नेमका तिथलाच दगड हलका निघाला. सगळ्या इंग्लंडचे दगड ओळखणाऱ्याला स्वतःच्या दगडाने दगा दिला! आयुष्यभर जमवलेले जीवाश्म त्याने ब्रिटिश म्युझियमला विकले. तेही पुरलं नाही. १८१९ च्या उन्हाळ्यात तो लंडनच्या किंग्ज बेंच तुरुंगात कर्जापायी दोन महिन्यांहून जास्त काळ होता. सुटला तेव्हा घर आणि सामान जप्त झालेलं. बायको मनाने आजारी. सोबत होता तो बहिणीचा पोरका मुलगा, जॉन फिलिप्स. पन्नाशीला आलेल्या स्मिथने लंडन सोडलं आणि उत्तरेकडे यॉर्कशायरमध्ये जाऊन पुन्हा सर्व्हेची साखळी हातात घेतली.

मला त्याच्या आयुष्यातला हाच भाग सगळ्यात मोठा वाटतो. नकाशा काढण्यापेक्षाही मोठा. नाव गेलं, घर गेलं, पण त्याने काम सोडलं नाही. स्कारबरोमध्ये १८२९ ला उघडलेलं गोल आकाराचं म्युझियम त्याच्या सूचनेवरून तसं बांधलं गेलं. त्यात जीवाश्म थरांच्या क्रमानेच मांडायचे होते.

दरम्यान सोसायटीत नवी पिढी आली होती. १८३१ मध्ये अध्यक्ष ॲडम सेजविक यांनी सोसायटीचं पहिलं वोलॅस्टन पदक स्मिथला दिलं आणि इंग्लिश भूशास्त्राचा जनक असा त्याचा जाहीर गौरव केला. पुढच्या वर्षी सरकारने शंभर पौंडांचं पेन्शन सुरू केलं. १८३५ मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने, ज्याने कॉलेजचं तोंडही पाहिलं नव्हतं त्याला, मानद डॉक्टरेट दिली. १८३८ मध्ये लंडनच्या नव्या पार्लमेंटसाठी दगड निवडणाऱ्या समितीतही तो होता. २८ ऑगस्ट १८३९ ला, बर्मिंगहॅमच्या विज्ञान परिषदेला जाताना वाटेत नॉर्दॅम्प्टनला त्याचं निधन झालं. भाचा फिलिप्स पुढे ऑक्सफर्डमध्ये भूशास्त्राचा प्रोफेसर झाला. डायनोसॉरच्या काळाला आपण जो मेसोझोइक शब्द वापरतो, तो त्याचाच. आणि ग्रीनोच्या नकाशाच्या १८६५ च्या आवृत्तीवर शेवटी स्मिथचं नाव छापलं गेलं. पण ते बघायला दोघेही नव्हते.

आपल्या सह्याद्रीत स्मिथची युक्ती सरळसरळ चालत नाही, कारण आपला बेसॉल्ट हा लाव्ह्याचा, त्यात शिंपले कुठले! पण लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये कधीकधी जुन्या तळ्यांचा गाळ अडकलेला असतो. नागपूरच्या आसपास अशा थरांत गोगलगायींचे, वनस्पतींचे जीवाश्म मिळालेत. तिथे अभ्यासक आजही स्मिथचाच मार्ग धरतात.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या वेळी घाटातून जाताना रस्त्याचं कटिंग दिसलं तर एसटीच्या खिडकीतून जरा नीट बघा. स्मिथकडेही यापेक्षा जास्त काही नव्हतं. एक खिडकी, एक वही आणि बघायची सवय!