फोर बाय फोर कायम हवी की लागेल तेव्हा? लँड रोव्हर काढणाऱ्या माणसालाही उत्तर सापडायला दोन वर्षं लागली

पिकअप घ्यायची म्हटलं की एका प्रश्नावर घरात हमखास वाद होतो. साधी घ्यायची की फोर बाय फोर?

फोर बाय फोरला पैसे जास्त, वजन जास्त आणि डिझेलही जास्त. वर्षातले मोजके दिवस चिखलात जायचं म्हणून बाकी वर्षभर तो खर्च का सोसायचा, असं कोणीतरी विचारतंच. दुसरीकडे गाडी एकदा शेतात रुतली आणि ट्रॅक्टर बोलवायची वेळ आली, की तेच माणूस म्हणतं की थोडे पैसे टाकायला हवे होते.

या वादाला पंच्याहत्तर वर्षं होऊन गेलीत. आणि ज्या माणसानं तो जवळपास एकट्यानं अंगावर घेतला, त्याचं नाव आपल्याकडं फारसं कोणाला माहीत नाही.

मॉरिस विल्क्स. टाटा मोटर्सनं २००८ साली फोर्डकडून जग्वारसोबत जी लँड रोव्हर विकत घेतली, ती गाडी याच्या डोक्यातून निघालेली.

मॉरिसचा जन्म १९ ऑगस्ट १९०४ चा, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या हेलिंग आयलंडचा. त्याचा मोठा भाऊ स्पेन्सर त्याच्यापेक्षा तेरा वर्षांनी मोठा. स्पेन्सरनं हिलमन या मोटार कंपनीच्या मालकाच्या मुलीशी लग्न केलं आणि पुढं तो त्याच कंपनीत वरच्या खुर्चीवर जाऊन बसला. धाकट्याला मात्र खुर्चीपेक्षा यंत्रांचा नाद. तो हिलमनमध्ये शिकला, दोन वर्षं अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये काढली आणि परत आला.

१९२९ मध्ये स्पेन्सर रोव्हर कंपनीत गेला. पाठोपाठ मॉरिसही चीफ इंजिनिअर म्हणून तिथं पोहोचला. तेव्हा रोव्हरची अवस्था बिकट होती, कंपनी तोट्यात होती. भावांनी काय केलं, तर गाड्यांची संख्या वाढवायच्या मागं न लागता कमी पण चांगल्या गाड्या काढल्या. डॉक्टर, वकील, बँकेतले साहेब अशा लोकांची गाडी म्हणून रोव्हरचं नाव झालं. एकानं हिशोब सांभाळायचा, दुसऱ्यानं इंजिन, अशी वाटणी होती.

मग दुसरं महायुद्ध आलं. मॉरिसच्या वाट्याला आलं फ्रँक व्हिटलचं जेट इंजिन. व्हिटलनं शोधलेलं हे इंजिन कारखान्यात मोठ्या संख्येनं बनवायचं काम सरकारनं रोव्हरला दिलं होतं. पण शोध लावणारा आणि तयार करणारा यांचं पटलं नाही. रोव्हरच्या लोकांनी डिझाईनमध्ये स्वतःचे बदल केले, व्हिटल भडकला. शेवटी १९४३ च्या सुमारास जेटचं काम रोल्स रॉईसकडं गेलं आणि त्याबदल्यात रोव्हरला रणगाड्याचं मीटिअर इंजिन मिळालं. जेट हातचं गेलं, पण मॉरिसच्या डोक्यातून गेलं नाही. ते पुढं येईलच.

युद्ध संपलं तेव्हा रोव्हर मोठ्या पेचात सापडली होती.

कॉव्हेंट्रीतल्या जुन्या कारखान्याचं बॉम्बहल्ल्यात नुकसान झालेलं. कंपनी सोलिहलच्या भल्यामोठ्या कारखान्यात आली, जिथं युद्धकाळात विमानांच्या इंजिनांचं काम व्हायचं. जागा होती, माणसं होती, पण पोलाद नव्हतं. ब्रिटनला परकीय चलन हवं होतं, म्हणून जो माल परदेशात विकेल त्यालाच पोलादाचा कोटा. आता साहेब लोकांच्या महागड्या रोव्हर गाड्या युद्धानं पिचलेल्या जगात विकत कोण घेणार? छोटी स्वस्त कार काढायचाही विचार झाला, पण तो मध्येच सोडून द्यावा लागला. एवढ्या मोठ्या कारखान्यात करायचं काय, हा प्रश्न तसाच राहिला.

उत्तर मिळालं मॉरिसच्या शेतावर.

वेल्सच्या वायव्य टोकाला अँगलसी नावाचं बेट आहे. तिथं न्यूबरोजवळ मॉरिसची जमीन होती. समुद्र जवळ, वाळूच्या टेकड्या, ओलं गवत. या जमिनीवर साधी गाडी चालणं शक्य नव्हतं. म्हणून त्यानं लष्करानं विकायला काढलेली एक जुनी अमेरिकन विलीज जीप घेतली. ती नांगरणीपासून ओझी ओढण्यापर्यंत पडेल ते काम करायची. पण होती ती लढाईत झिजलेली.

असं सांगतात की स्पेन्सर शेतावर आला होता, तेव्हा त्यानं सहज विचारलं की ही जीप पूर्ण मोडली की तू काय करणार. मॉरिसनं सांगितलं की दुसरी जीपच घेणार, कारण तिच्यासारखं बाजारात काही नाहीच. हे बोलल्यावर दोघांच्याही लक्षात आलं की आपल्याकडं रिकामा कारखाना आहे. १९४७ सालची ही गोष्ट. त्यानंतर मॉरिसनं जवळच्या रेड व्हार्फ बेच्या किनाऱ्यावर वाळूतच गाडीचं चित्र काढून दाखवलं, हाही किस्सा ठरलेलाच. (वाळूतलं चित्र भरतीला पुसलं गेलं असणार, त्यामुळं पुरावा मागू नका.)

सप्टेंबर १९४७ मध्ये संचालक मंडळानं या गाडीला मंजुरी दिली. दोन-तीन वर्षं कारखाना चालता ठेवायचा आणि पुन्हा कार बनवायला लागायचं, एवढाच हेतू होता.

पहिला नमुना जीपचेच भाग वापरून उभा केला. गंमत म्हणजे त्याचं स्टिअरिंग अगदी मधोमध होतं, ट्रॅक्टरसारखं. डाव्या बाजूनं चालवणारा देश असो की उजव्या, एकच गाडी दोन्हीकडं विकता येईल हा हिशोब. पण मध्ये बसून रस्त्यावर चालवणं अवघड निघालं आणि ती कल्पना सोडून दिली.

बाकी बहुतेक निर्णय टंचाईनं घ्यायला लावले. पोलाद नाही, मग बॉडी बर्माब्राइट नावाच्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची. पत्र्याला गोलाई द्यायला लागणारे महागडे साचे परवडत नव्हते, मग पत्रे सपाट. चॅसिससाठी तयार पोकळ तुळया नव्हत्या, मग पोलादाच्या चार पट्ट्या जोडून वेल्डिंगनं चौकोनी नळी बनवली. आज लोक ज्या चौकोनी ठोकळ्यासारख्या रूपावर फिदा आहेत, ते रूप असं गरिबीतून आलंय.

३० एप्रिल १९४८ ला ॲमस्टरडॅमच्या मोटार प्रदर्शनात लँड रोव्हर लोकांसमोर आली. १५९५ सीसीचं इंजिन, ५० हॉर्सपॉवर, दोन चाकांमधलं अंतर जीपइतकंच म्हणजे ८० इंच आणि किंमत ४५० पौंड. पुढं बसायला जागा, मागं उघडा हौदा. म्हणजे आजच्या भाषेत पिकअपच की.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडं येऊ.

जीपमध्ये फोर व्हील ड्राईव्ह लिव्हरनं लागायची आणि सुटायची. मॉरिसच्या टीमनं वेगळा रस्ता धरला. लँड रोव्हरची चारही चाकं कायम इंजिनला जोडलेली. ड्रायव्हरनं विचार करायचाच नाही.

यात एक अडचण असते. गाडी वळते तेव्हा पुढची चाकं मोठ्या गोलातून जातात आणि मागची लहान गोलातून. म्हणजे पुढची चाकं जास्त अंतर कापतात. पुढचा आणि मागचा ॲक्सल एकमेकांना घट्ट जोडलेला असेल, तर दोघांना सारखंच फिरावं लागतं. चिखलात किंवा वाळूत चाक थोडं घसरतं आणि हा फरक भरून निघतो. कोरड्या डांबरावर घसरायला वाव नाही. मग ताण गिअर आणि शाफ्टवर येतो, टायर झिजतात, स्टिअरिंग जड होतं. डांबरावर फोर बाय फोर टाकून फिरू नका असं मेकॅनिक सांगतात ते याचमुळं.

रोव्हरनं यावर जो उपाय काढला, तो तुम्ही लहानपणी सायकलवर पाहिलाय. फ्रीव्हील. पॅडल मारायचं थांबलात तरी सायकलचं चाक पुढं फिरत राहतं ना, तेच. रोव्हरच्या कारमध्ये फ्रीव्हील आधीपासून असायचं, त्यामुळं ते त्यांच्या हातातलं तंत्र होतं. लँड रोव्हरमध्ये ते पुढच्या ॲक्सलसाठी लावलं. वळणावर पुढच्या चाकांना जास्त फिरायचं असेल तर खुशाल फिरा, ताण येणार नाही.

हुशारीचंच काम होतं. पण आता उतारावर काय होतं बघा.

तीव्र उतारावर आपण गाडी खालच्या गिअरमध्ये टाकतो, ॲक्सलरेटरवरून पाय काढतो आणि इंजिनच गाडीला मागं धरून ठेवतं. फ्रीव्हीलमुळं हा अटकाव पुढच्या चाकांपर्यंत पोहोचायचाच नाही. वर चढताना चार चाकं कामाला आणि खाली उतरताना इंजिनच्या भरवशावर दोनच. ओल्या, निसरड्या उतारावर, मागं ओझं असताना हे चांगलं नाही. त्यासाठी ड्रायव्हरच्या पायाजवळ एक कडी ठेवली होती. ती ओढली की फ्रीव्हील लॉक. म्हणजे ड्रायव्हरनं विचार करायचा नाही म्हणून बनवलेल्या गाडीत शेवटी ड्रायव्हरला विचार करावाच लागत होता.

१९५० मध्ये रोव्हरनं ही व्यवस्था काढून टाकली. त्याजागी दोन ठळक लिव्हर आले, एकाची मूठ पिवळी, दुसऱ्याची लाल. रस्त्यावर गाडी मागच्या दोन चाकांवर चालवायची. कच्चा रस्ता आला की पिवळी मूठ दाबायची आणि चारही चाकं जोडायची. खरंच कठीण जागा असेल तर लाल लिव्हर मागं ओढायचा. त्यानं चारही चाकं तर जोडली जायचीच, शिवाय गाडी लो रेंजमध्ये जायची. म्हणजे वेग कमी, पण ओढायची ताकद बक्कळ.

आजच्या अनेक पिकअपमध्ये गोल बटणावर टू एच, फोर एच आणि फोर एल असं लिहिलेलं असतं. हिशोब तोच.

ज्या गाडीच्या नावावर लोक फोर बाय फोरची शपथ घेतात, तिच्याच कंपनीनं दोन वर्षांत मान्य केलं की रोजच्या रस्त्यावर तिची गरज नाही, हे मला या सगळ्यात फार महत्त्वाचं वाटतं. पिकअपच्या बाबतीत तर आणखी एक मेख आहे. हौदा रिकामा असला की मागची चाकं हलकी पडतात आणि ओल्या गवतावरसुद्धा जागेवर फिरतात. त्याच हौद्यात माल भरला की साध्या मागच्या चाकांच्या ड्राईव्हलाही चांगली पकड मिळते. त्यामुळं भरून जाताना रस्ता कसा आहे आणि रिकामं परत येताना कसा आहे, हे दोन्ही बघायला लागतं. ब्रेकचं म्हणाल तर तो सगळ्याच गाड्यांना चार चाकांना असतो. फोर बाय फोर आहे म्हणून गाडी लवकर थांबत नाही, रील बघून हे विसरायला होतं.

हा विषय १९५० लाच संपला असंही नाही. १९७० साली रेंज रोव्हर आली आणि तिच्यात चारही चाकं पुन्हा कायमची जोडलेली होती. फ्रीव्हीलऐवजी मध्ये डिफरन्शियल बसवलं, म्हणजे वळणाचा ताणही गेला आणि उताराची अडचणही. ती बनवणाऱ्या टीमचा म्होरक्या होता स्पेन किंग, विल्क्स भावांचा सख्खा भाचा. मामाची पहिली कल्पना चुकीची नव्हती, तिला योग्य पार्ट मिळाला नव्हता इतकंच. अर्थात त्या पार्टचे पैसे गिऱ्हाईकानंच मोजले.

तर, दोन-तीन वर्षांसाठी काढलेली ही गाडी थांबायचं नावच घेईना. थोड्याच काळात ती रोव्हरच्या कारपेक्षा जास्त खपायला लागली. शेतकऱ्यांनी घेतली, लष्करांनी घेतली. १९५४ पर्यंत एक लाख आणि १९५९ पर्यंत अडीच लाख गाड्या बनल्या होत्या. १९५५ मध्ये ऑक्सफर्ड आणि केंब्रिजची पोरं दोन लँड रोव्हर घेऊन लंडनहून निघाली, ती भारतातून वाट काढत थेट सिंगापूरला पोहोचली.

आणि मॉरिस या सगळ्यात काय करत होता? त्याचं मन अजून जेटमध्ये अडकलेलं होतं. त्याच्या देखरेखीखाली रोव्हरनं गॅस टर्बाइनवर चालणारी कार बनवली. जेट वन तिचं नाव. मार्च १९५० मध्ये ती लोकांसमोर आली, त्या प्रकारची जगातली पहिली. १९५२ मध्ये बेल्जियममधल्या याब्बेकच्या रस्त्यावर तिनं ताशी १५२ मैल, म्हणजे सुमारे २४५ किलोमीटरचा वेग गाठला. चालवत होता भाचा स्पेन किंग. पण ती इंधन इतकं प्यायची की कोणा गिऱ्हाईकाच्या दारात कधी उभी राहिली नाही. आता ती लंडनच्या सायन्स म्युझियमच्या संग्रहात आहे.

१९६२ मध्ये स्पेन्सर निवृत्त झाला आणि मॉरिस रोव्हरचा चेअरमन झाला. जेमतेम वर्षभर. ८ सप्टेंबर १९६३ ला तो अचानक गेला, वयाच्या ५९ व्या वर्षी. अँगलसीवरच्या एका लहानशा चर्चच्या आवारात, ज्या जमिनीवर त्याची जीप फिरायची तिथून जवळच, त्याला पुरलं आहे.

थडग्याच्या दगडावर तो प्रेमळ आणि साधा माणूस होता असं कोरलंय. जगातली पहिली गॅस टर्बाइन कार त्याच्यामुळं झाली, हेही कोरलंय. लँड रोव्हरचं नाव त्या दगडावर नाही.