वेठ बेकायदा होती, पण तुरुंगात मजूरच जायचे : ठाणे जिल्ह्यातल्या गोदाराणीची गोष्ट

१८६० साली इंग्रजांनी भारतीय दंड संहिता आणली. तिच्यात ३७४ नंबरचं एक कलम होतं. कुणालाही त्याच्या मर्जीविरुद्ध बेकायदा कामाला जुंपलं, तर एक वर्षापर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. इतकं सरळ.

कलम कागदावर येऊन ८५ वर्षं झाली, तरी ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव-डहाणू भागात हजारो वारली कुटुंबं जमीनदाराच्या शेतावर फुकट राबत होती. मुंबईहून रेल्वेने काही तासांचं अंतर. रोज पॅसेंजर तिथून जायची, कलेक्टर कचेरी ठाण्यात होती, फौजदार डहाणूत होता. सगळ्यांना सगळं माहीत होतं.

आज ठाणे, भिवंडी, कल्याण-डोंबिवली हा पट्टा बातम्यांत येतो तो अनेकदा बेकायदा राहणाऱ्या मजुरांवरून. कुठेतरी धाड पडते, कागदपत्रं तपासली जातात आणि मग सोशल मीडियावर भांडण पेटतं. एक बाजू म्हणते यांच्यामुळे इथल्या माणसाची मजुरी पडते. दुसरी म्हणते हे गेले तर विटा कोण उचलणार? हा मजूर एवढा स्वस्त का पडतो, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. १९४५ मध्ये याच जिल्ह्यात हा प्रश्न विचारला गेला होता. विचारणाऱ्या बाईंचं नाव गोदावरी परुळेकर. आणि तेव्हाचा स्वस्त मजूर कुठून बाहेरून आलेला नव्हता. तो तिथलाच, पिढ्यान् पिढ्यांचा होता.

गोदावरीबाई माहेरच्या गोखले. जन्म १४ ऑगस्ट १९०७, पुणे. नामदार गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या नात्यातलं घर, म्हणजे शिक्षण, राजकारण, सगळं दारात. फर्ग्युसनमध्ये शिकल्या, मग कायद्याची पदवी घेतली. त्या काळात बाईने वकिलीचं शिक्षण घेणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. वकिली करून छान बस्तान बसवता आलं असतं. त्या १९३२ च्या सत्याग्रहात तुरुंगात गेल्या.

सुटल्यावर मुंबईत आल्या आणि भारत सेवक समाजात दाखल झाल्या. ही गोखल्यांनीच १९०५ मध्ये काढलेली संस्था. तिच्या पहिल्या स्त्री आजीव सदस्य गोदावरीबाईच. मुंबईत त्यांनी साक्षरतेची मोहीम चालवली, आणि १९३८ च्या सुमारास आणखी एक काम हाती घेतलं, जे आजही कुणाला सहज जमत नाही. त्यांनी घरकाम करणाऱ्यांची संघटना बांधली. दुसऱ्याच्या घरात राबणारा, पगाराची पावती नसलेला, सुट्टी नसलेला माणूस. कारखान्यातल्या कामगारासाठी निदान फॅक्टरी ॲक्ट होता. याच्यासाठी काहीच नव्हतं.

त्याच वर्षी, १२ जानेवारी १९३८ ला, कोकणातल्या खोतीविरुद्ध हजारो शेतकरी मुंबईच्या विधिमंडळावर चालून गेले. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते, आणि त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे रत्नागिरीकडचे आमदार शामराव परुळेकरही. शामराव आणि गोदावरी दोघंही भारत सेवक समाजाचे. १९३९ मध्ये दोघांनी लग्न केलं, समाज सोडला आणि कम्युनिस्ट पक्षात गेले. दुसरं महायुद्ध सुरू झालं, त्याला विरोध केला म्हणून सरकारने दोघांनाही आत टाकलं.

आता येऊ कल्याणकडे. टिटवाळा म्हटलं की आज आपल्याला महागणपती आठवतो आणि कल्याण-डोंबिवली महापालिकेची हद्द. जानेवारी १९४५ मध्ये तिथे महाराष्ट्रातल्या किसान सभेची परिषद भरली. तिच्या तयारीसाठी परुळेकर पतीपत्नी जिल्हाभर फिरत होते. तेव्हाचा ठाणे जिल्हा प्रचंड मोठा, आजचा पालघर जिल्हा त्याच्याच पोटात. उंबरगावकडून मोजके वारली टिटवाळ्याला आले. त्यातला माह्या धांगडा नावाचा माणूस व्यासपीठावर उभा राहिला आणि त्याने आपल्याकडे काय चालतं ते सांगितलं.

काय चालत होतं?

एकेकाळी जमिनी वारल्यांच्याच होत्या. इंग्रजी अंमलात जंगल सरकारचं झालं, जमीन महसूल रोखीत भरायचा आला, आणि दारूचे ठेकेदार, लाकडाचे व्यापारी, सावकार बाहेरून येऊन बसले. कर्जापायी जमिनी गेल्या. ज्याची जमीन, तोच तिच्यावर कूळ झाला. पावसाळ्यात घरात दाणा नसायचा, म्हणून सावकाराकडून खावटी घ्यायची. सुगीला ती दिडीने परत, एका मणाला दीड मण. उरलेलं खंडात. म्हणजे पुढच्या पावसाळ्यात पुन्हा खावटी.

याच्यावर वेठ. जमीनदाराच्या शेताची लावणी-कापणी आधी, स्वतःची नंतर, आणि तीही फुकट. नाही म्हटलं तर मार. बायकांवर जे व्हायचं त्याची तक्रार करायला जागाच नव्हती.

आणि सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे लग्नगडी. वारल्याचं लग्न ठरलं की शे-दोनशे रुपये लागायचे. ते जमीनदार द्यायचा. बदल्यात नवरा त्याचा गडी व्हायचा आणि नवरीही सोबत जायची. कर्ज फिटेपर्यंत काम. पण मजुरीच मिळत नसेल तर कर्ज फिटणार कशातून? मग मुलंही तिथेच जन्मायची आणि तिथेच गुरं राखायला लागायची.

हे काही लपून नव्हतं. मुंबई सरकारनेच सिमिंग्टन नावाच्या आयसीएस अधिकाऱ्याला आदिवासी भागांची पाहणी करायला लावली होती. १९३९ मध्ये आलेल्या त्याच्या अहवालात वेठबिगारी स्पष्ट नोंदलेली आहे. अहवाल छापला गेला आणि कपाटात गेला.

यावर जमीनदारांची बाजू ठरलेली होती. वारली आळशी, ताडीत बुडालेला, बळजबरी केल्याशिवाय काम करत नाही. कर्ज तो आपल्या मर्जीने घेतो, अंगठा त्याचाच असतो. आणि मजुरी दिली तर शेती आणि गवताचा धंदा परवडणार नाही. थोडे शब्द बदलले तर यातली शेवटची दोन वाक्यं आजच्या कुठल्याही ठेकेदाराच्या तोंडी शोभतील.

गोदावरीबाई उंबरगाव-डहाणूच्या जंगलात जाऊन राहिल्या. पाड्यापाड्यांतून पायी फिरल्या, झोपडीत झोपल्या, मिळेल ते खाल्लं. सुरुवातीला त्यांना पाहून लोक लपायचे. शहरातून आलेला माणूस म्हणजे सरकारचा नाहीतर सावकाराचा, हा त्यांचा अनुभव. हळूहळू विश्वास बसला आणि या पुणेरी बाईंची गोदाराणी झाली.

२३ मे १९४५ ला झरी गावात आदिवासींची परिषद झाली. हे गाव आता तलासरी तालुक्यात आहे. पाचेक हजार माणसं जमली. ठरलं ते इतकंच: वेठ करायची नाही. जमीनदाराच्या खासगी जमिनीवर काम केलं तर दिवसाला बारा आणे, रोख. कुणी मारलं तर गप्प बसायचं नाही. आणि एकटं पडायचं नाही, सगळ्यांनी मिळून राहायचं.

बारा आणे म्हणजे पाऊण रुपया. ही मागणी मोठी हुशारीची होती, कारण वेठ बंद करा एवढंच म्हटलं असतं तर ते कलम ३७४ सारखं हवेत राहिलं असतं. आकडा ठरला की मोजता येतं. दिला की नाही दिला, हे निरक्षर माणसालाही कळतं. परिषद संपून लोक आपापल्या पाड्यावर गेले, आणि काही आठवड्यांत त्या भागातली वेठ जवळजवळ बंद पडली. लग्नगडी मालकाच्या वाड्यातून बाहेर पडून घरी आले. कर्जाची वही तिथेच राहिली. तिचं काय करायचं, हा मालकाचा प्रश्न झाला.

खरी परीक्षा ऑक्टोबरमध्ये होती. या भागातला मोठा रोखीचा धंदा गवताचा. पावसानंतर डोंगरभर माजलेलं गवत कापायचं, दाबून त्याच्या गाठी बांधायच्या आणि रेल्वेने मुंबईच्या तबेल्यांना पाठवायच्या. मुंबईचं दूध या गवतावर निघायचं. पण गवत थांबत नाही. ठरावीक आठवड्यांत कापलं नाही तर वाळून वाया जातं. किसान सभेने नेमका तोच हंगाम धरला. ५०० पौंड गवत कापायचे अडीच रुपये, नाहीतर कोयता हातात घ्यायचा नाही.

जमीनदारांनी वेगळाच डाव टाकला. गोदाराणी तलवाड्याला येणार आहे, तिच्या जिवाला धोका आहे, सगळ्यांनी जमा अशी अफवा पाड्यांतून पसरवली गेली. त्या तिथे नव्हत्याच. हजारो वारली रातोरात चालत निघाले, हातात नेहमीच्या काठ्या-कोयते. तिकडे पोलिसांना सांगण्यात आलं की आदिवासी हल्ला करायला जमलेत. १० ऑक्टोबर १९४५ ला पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण मारले गेले. लोक तरी हटेनात, कारण गोदाराणीला सोडून जायचं कसं?

त्यानंतर सभांवर बंदी आली, नेत्यांना त्या भागात जायला मनाई झाली. सरकारचा हिशोब असा की बाहेरचे चिथावणारे गेले की मजूर कामावर येतील. ते आले नाहीत. गवत डोंगरावर उभं होतं आणि हंगाम सरत होता. शेवटी मागितलेला दर द्यावा लागला. धंदा परवडणार नाही म्हणणाऱ्यांचा धंदा पुढच्या वर्षीही चालूच होता.

१९४६ मध्ये मुंबईत काँग्रेसचं सरकार आलं. बाळासाहेब खेर मुख्यमंत्री, मोरारजी देसाई गृहमंत्री. खेर स्वतः ठाणे जिल्ह्यात आदिवासींसाठी सेवाकार्य करत आलेले, त्यामुळे काही बदलेल असं वाटणं साहजिक होतं. त्या वर्षी संप जंगलाच्या कामावर गेला. कुपातल्या लाकूडतोडीला दिवसाला किमान सव्वा रुपया, ही मागणी. महिनाभर संप चालला, अखेर लाकूड व्यापाऱ्यांच्या संघटनेने तडजोड केली. म्हणजे ज्यांच्या खिशातून पैसे जाणार होते ते तयार झाले. सरकारने मात्र परुळेकर दांपत्याला जिल्ह्यातून तडीपार केलं.

इथे जरा थांबून पाहण्यासारखं आहे. कलम ३७४ मोडलं म्हणून किती जमीनदार आत गेले? त्या कलमाचा धाक असता तर झरीची परिषद भरवायची वेळच आली नसती. संप करणारे मात्र शेकड्यांनी पकडले गेले. कायदा होता आणि राबवलाही जात होता, फक्त दुसऱ्या टोकाकडून. कागद नसलेल्या मजुराच्या बाबतीत आज हेच होतं. त्याला कामावर ठेवणं हाही गुन्हा ठरू शकतो, पण धाडीत गाडीत बसवला जातो तो मजूर. आणि पोलिसांकडे जाता येत नाही म्हणूनच तर तो मालकाला स्वस्त पडतो. वारल्याच्या गळ्यात कर्जाची वही होती, याच्या गळ्यात नसलेला कागद. मजुरी पाडायला दोन्ही सारखेच उपयोगी. शेजारच्या स्थानिक मजुराचा दर सांभाळायचा असेल, तर या माणसाला किमान वेतन मागता येतं की नाही हे पाहावं लागतं. ते पाहायला सहसा कुणी जात नाही.

स्वातंत्र्यानंतर घटनेच्या २३ व्या कलमाने वेठबिगारी बंद झाली. १९४८ मध्ये कूळ कायदा आला. परुळेकरांच्या वाट्याला मात्र तुरुंग येतच राहिला. गोदावरीबाईंनी सगळी मिळून आठ वर्षं कैदेत काढली. मधल्या काळात, १९५७ च्या निवडणुकीत, शामराव ठाण्यातून लोकसभेवर निवडून गेले. बारा वर्षांपूर्वी ज्यांना मजुरी मागायची चोरी होती, त्यांनी खासदार निवडला. १९६० मध्ये राज्यं वेगळी झाली आणि उंबरगाव गुजरातेत गेलं. पुढे दोघांनाही पुन्हा पकडलं, आणि ३ ऑगस्ट १९६५ ला शामराव तुरुंगातच वारले.

त्यानंतर गोदावरीबाईंनी या लढ्याची हकीगत लिहून काढली. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक १९७० मध्ये आलं आणि १९७२ मध्ये त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ज्यांना वाचायला वेळ नाही त्यांनी निदान सुरुवातीची वारल्यांच्या आयुष्याबद्दलची प्रकरणं वाचावीत.

वेठ मात्र एकदा मारली की मरत नाही. १९७६ मध्ये देशभरासाठी वेठबिगार निर्मूलनाचा कायदा करावा लागला. तरीही १९८० च्या दशकात वसई भागात श्रमजीवी संघटनेला पुन्हा वेठबिगार सोडवावे लागले, जिल्हा तोच. आजही दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं पोराबाळांसकट भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर येतात. आधी उचल घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत भट्टी सोडता येत नाही. हिशोब मालकाच्या वहीत असतो.

गोदावरीबाई १९८६ मध्ये अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्ष झाल्या, तेव्हा त्या ऐंशीच्या घरात होत्या. ८ ऑक्टोबर १९९६ रोजी त्या गेल्या. तलासरीत आता त्यांच्या नावाचं कॉलेज आहे. झरीही त्याच तालुक्यात.