एक्सप्लेनर : प्लेटलेट्सचं काम शोधणारे ज्युलिओ बिझोझेरो कोण होते?

डेंग्यूचा रिपोर्ट आला की आपली नजर आधी प्लेटलेट्सच्या आकड्यावर जाते. निरोगी प्रौढाच्या एका मायक्रोलिटर रक्तात साधारण दीड ते साडेचार लाख प्लेटलेट्स असतात. जखमेतलं रक्त थांबवणं हे त्यांचं काम. ते जगाला दाखवून दिलं इटलीच्या ज्युलिओ बिझोझेरो यांनी.

विसाव्या वर्षी डॉक्टर

बिझोझेरो यांचा जन्म १८४६ मध्ये उत्तर इटलीतल्या वारेझेचा. १८६६ मध्ये त्यांनी पाविया विद्यापीठातून वैद्यकीय पदवी घेतली. रक्तपेशी हाडांतल्या मज्जेत तयार होतात, हे १८६८ मध्ये मांडणाऱ्या पहिल्या काही संशोधकांत ते होते. पुढच्याच वर्षी त्यांनी मज्जेतल्या अवाढव्य पेशींचं वर्णन केलं. आज त्यांना मेगाकॅरिओसाइट म्हणतात.

रक्त गोठतं कसं?

रक्तातले बारीक कण आधीही काहींना दिसले होते, पण अनेकांना ते फुटलेल्या पेशींचे तुकडे वाटत. तुरीनमध्ये प्राध्यापक असताना, १८८१-८२ च्या सुमारास, बिझोझेरो यांनी ससे आणि गिनीपिग यांच्या जिवंत रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. वाहत्या रक्तातही हे कण होतेच. रक्तवाहिनीला इजा होताच तिथे सर्वांत आधी तेच चिकटले.

आज ही प्रक्रिया अधिक स्पष्ट झाली आहे. रक्तवाहिनी फाटली की आतलं कोलॅजेन उघडं पडतं. प्लेटलेट्स त्याला चिकटतात, आकार बदलतात आणि रसायनं सोडून आणखी प्लेटलेट्सना बोलावतात. तयार झालेलं बूच फायब्रिनच्या धाग्यांचं जाळं घट्ट करतं.

हुकलेला दुवा

पुढे डोळ्यांच्या आजारामुळे बिझोझेरो यांचं सूक्ष्मदर्शकावरचं काम सुटलं. मग त्यांनी सार्वजनिक आरोग्याच्या कामाला वाहून घेतलं. १९०१ मध्ये, ५५ व्या वर्षी न्यूमोनियानं त्यांचं निधन झालं.

प्लेटलेट्स येतात कुठून, हे मात्र त्यांना कळलं नाही. १९०६ मध्ये अमेरिकेतल्या जेम्स होमर राइट यांनी ते उलगडलं. मेगाकॅरिओसाइटचे लांबट फाटे मज्जेतल्या रक्तवाहिन्यांत शिरतात आणि त्यांचे तुकडे सुटून प्लेटलेट्स बनतात. त्या जेमतेम ८ ते १० दिवस टिकतात. म्हणून शरीर रोज सुमारे १० हजार कोटी नव्या प्लेटलेट्स तयार करतं.

अवाढव्य पेशी आणि बारीक कण, दोन्ही बिझोझेरो यांनी स्वतः पाहिले होते. त्यांचं आई-लेकरांचं नातं उघड झालं, ते त्यांच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी.