फिलिप मेडोज टेलर : कबुलीजबाब आणि कादंबरी

दख्खनच्या जीवनावर इंग्रजीत कादंबरीलेखन करणाऱ्यांत फिलिप मेडोज टेलर याचे स्थान महत्त्वाचे आहे. त्याचा जन्म १८०८ मध्ये लिव्हरपूल येथे झाला. १८२४ मध्ये तो व्यापारी पेढीवर नोकरीसाठी मुंबईस आला. परंतु त्याच वर्षी निजामाच्या सैन्यात त्याची नेमणूक झाली. पुढील सुमारे साडेतीन दशके त्याने निजामाच्या राज्यात व त्याच्या आसपासच्या मुलखात काढली.

सैनिकी कामाबरोबर त्याच्याकडे पोलिसी जबाबदारीही आली. ठगांविरुद्धच्या मोहिमेत माफीच्या साक्षीदारांचे जबाब त्याने नोंदविले. या अनुभवातून १८३९ मध्ये ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी लंडनमध्ये प्रसिद्ध झाली आणि तिने त्याला कीर्ती मिळवून दिली. नायक अमीर अली आपली कहाणी एका इंग्रज अधिकाऱ्यास सांगतो, अशी तिची रचना आहे. त्याच्या नावावरील ७१९ खुनांचा आकडा दप्तरी नोंदीची आठवण देतो. उलट, टोळीच्या कृत्यांत त्याच्या सख्ख्या बहिणीचा बळी जाणे ही योजना उघडच कादंबरीकाराची आहे. जबाब देणाऱ्याचा जीव शासनाच्या मर्जीवर अवलंबून असल्याने त्याच्या शब्दांकडे निखळ सत्य म्हणून पाहता येत नाही. ठगीविषयीच्या वसाहतकालीन समजुतींची अलीकडे फेरतपासणी झाली आहे. त्यामुळे ही कृती गुन्ह्याचा पुरावा म्हणून नव्हे, तर पुराव्याची कथा कशी बनते याचे उदाहरण म्हणून वाचणे अधिक उचित ठरते.

१८४० मध्ये ‘टिपू सुलतान’ प्रसिद्ध झाल्यानंतर टेलर दीर्घकाळ सुरापूर संस्थानच्या कारभारात गुंतला. १८५३ पासून काही वर्षे तो नळदुर्ग येथे होता. १८६० मध्ये तो इंग्लंडला परतला. त्यानंतर तो गुन्हेकथेकडून इतिहासाकडे वळला. ‘तारा’ (१८६३), ‘राल्फ डार्नेल’ (१८६५) आणि ‘सीता’ (१८७२) या तीन कादंबऱ्यांची पार्श्वभूमी अनुक्रमे १६५७, १७५७ व १८५७ ही वर्षे होत. ‘तारा’मध्ये तुळजापूरचा परिसर आणि शिवाजी महाराज-अफझलखान संघर्ष येतो. प्रत्यक्ष अफझलखानवध १६५९ चा. तीन शतकांची सम साखळी जुळविण्यासाठी टेलरने कालक्रमास मुरड घातलेली दिसते. जबाबाला कथेचा आकार देणारी वृत्तीच येथे इतिहासालाही आकार देते.

१८७६ मध्ये फ्रान्समधील मेन्टन येथे त्याचे निधन झाले. त्याचे आत्मचरित्र १८७७ मध्ये, तर चांदबिबीवरील ‘अ नोबल क्वीन’ १८७८ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. दख्खनविषयीचा जिव्हाळा आणि राज्यकर्त्याची दृष्टी त्याच्या लेखनात एकत्र नांदतात. त्यांपैकी एकीकडे डोळेझाक केल्यास त्याचे मूल्यमापन अपुरे राहील.