औंधचा राजा आणि सकाळची दहा मिनिटं

मित्रांनो, कोल्हापूरहून पुण्याकडे रेल्वेने निघालं की मिरज, सांगली मागे पडतं आणि थोड्या वेळात किर्लोस्करवाडी स्टेशन येतं. आपल्यातले बरेच जण इंडस्ट्रियल व्हिजिटच्या निमित्ताने तिथे उतरलेले आहेत. पंप बघायचे, फौंड्री बघायची, नाश्ता करायचा आणि परत येऊन सीनियरचा रिपोर्ट समोर ठेवून आपला रिपोर्ट लिहायचा! मीही तेच केलं. पण त्या माळावर कारखाना आला कसा, हे शोधताना एक माणूस सापडला आणि त्याने माझी सकाळ बदलली. म्हणून हा लेख.

तो माणूस म्हणजे औंध संस्थानचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. जन्म 24 ऑक्टोबर 1868. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून ते बी.ए. झाले, म्हणजे वसतिगृह आणि परीक्षा त्यांनाही चुकल्या नव्हत्या. 1909 साली ते गादीवर आले. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातला कारखाना हलवायची पाळी आली तेव्हा याच राजाने 1910 मध्ये त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळची जागा दिली आणि 10 हजार रुपयांचं कर्जही दिलं. लोखंडी नांगर बनवणाऱ्या माणसावर एका छोट्या संस्थानिकाने टाकलेला तो विश्वास होता. ते स्टेशन म्हणजेच आजचं किर्लोस्करवाडी.

पण मला जास्त भिडली ती त्यांची दुसरी गोष्ट. लहानपणी तालमीची सवय असलेला हा माणूस पुढे शिक्षण आणि कारभाराच्या कामात अडकला, व्यायाम सुटला आणि अंग सुटलं. ओळखीचं वाटतंय ना? अकरावी-बारावीला क्लासेस सुरू झाले की आपलं मैदान सुटतं, ते सुटतंच. बाळासाहेबांनी मग उपाय शोधायला सुरुवात केली. त्या काळात युरोपात सँडो नावाच्या पहिलवानाचं मोठं नाव होतं. त्याची पुस्तकं आणि व्यायामाची साधनं मागवून त्यांनी सुमारे दहा वर्षं नेटाने त्या पद्धतीचा व्यायाम केला. गुणही आला. पण साधनं पाहिजेत, जागा पाहिजे, प्रवासात निघालं की सगळं बोंबललं. शेवटी 1908 च्या सुमारास मिरजेच्या राजेसाहेबांच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्काराकडे वळले. तेव्हा त्यांचं वय होतं जवळपास चाळीस!

सूर्यनमस्कार काही त्यांनी शोधून काढले नाहीत. समर्थ रामदासांच्या परंपरेतून आपल्याकडच्या मठांत, आखाड्यांत, घराघरांत ते चालत आलेच होते. बाळासाहेबांनी काय केलं, तर त्यांची नीट मांडणी केली. आपल्या भाषेत सांगायचं तर स्टँडर्डायझेशन! हात जोडून उभं राहणं, कमरेतून वाकणं, एक पाय मागे, मग दोन्ही मागे, साष्टांग, छाती वर, मग कंबर वर, आणि पुन्हा त्याच वाटेने परत उभं. असे दहा टप्पे त्यांनी ठरवले, प्रत्येक टप्प्याला श्वास बांधून दिला, जोडीला मंत्र ठेवले. (आज बहुतेक ठिकाणी बारा टप्पे शिकवतात.) लागतं काय? सतरंजीएवढी जागा. ना मशीन, ना फी. एकट्याने घाला नाहीतर शंभर जणांनी मिळून घाला.

ही गोष्ट त्यांनी स्वतःपुरती ठेवली नाही. संस्थानच्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले, मुलांबरोबर मुलींनाही. राणीसाहेबही नमस्कार घालत. स्त्रियांनी व्यायाम करायचा ही कल्पनाच तेव्हा अनेकांना पचणारी नव्हती. त्यांनी मराठीत आणि इंग्रजीत पुस्तकं लिहिली. 1936 मध्ये ते इंग्लंडला गेले तेव्हा तिथल्या एका वृत्तपत्राच्या बाईंनी यात रस घेतला आणि 1938 मध्ये लंडनहून त्यांचं इंग्रजी पुस्तक निघालं. बाळासाहेब स्वतः नमस्कार घालून दाखवताहेत अशी एक जुनी मूक चित्रफीत इंटरनेटवर आहे. जरूर बघा. उतारवयातला तो माणूस ज्या सहजपणे खाली जातो आणि वर येतो, ते बघून मला माझ्याच कमरेची लाज वाटली.

आता कुणी म्हणेल, राजाला काय, वेळच वेळ! पण या राजाचा दिवस बघा. कारभार बघायचा, स्वतः चित्रं काढायची, देवळात उभं राहून कीर्तन करायचं. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी त्यांनी एक लाख रुपये देऊ केले. पंडित सातवळेकरांना औंधात आसरा दिला. देशोदेशीच्या कलावस्तू जमवून 1938 मध्ये यमाईच्या डोंगरावर संग्रहालय उघडलं. ही यमाई आपल्या जोतिबाच्या कथेतलीच. एवढ्या धबडग्यात वर्षानुवर्षं सकाळचे नमस्कार चालू. मला वाटतं, एवढी कामं होती तरी ते नमस्कार घालत होते असं नव्हे, नमस्कार घालत होते म्हणून एवढी कामं उरकत होती.

आणि एक गोष्ट तर व्यायामाहून मोठी. मॉरिस फ्रिडमन नावाचा पोलंडमध्ये जन्मलेला एक इंजिनिअर बंगलोरचा सरकारी विजेचा कारखाना सांभाळायचा. तो औंधला आला आणि राजपुत्र अप्पासाहेब पंत, महात्मा गांधी यांच्या विचाराने 1939 मध्ये औंधची राज्यघटना तयार झाली. राजाने आपण होऊन सत्ता खेड्यांच्या पंचायतींकडे सोपवली. त्याच काळात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. तिच्यावरूनच ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि आपल्या कोल्हापूरच्या व्ही. शांतारामांनी 1957 मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. हातात असलेली खुर्ची शांतपणे सोडता येणं, हे मन ताब्यात असल्याशिवाय जमत नाही. 13 एप्रिल 1951 रोजी, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी बाळासाहेब गेले.

आता थोडं माझं. सेकंड इयरला माझी अवस्था वाईट होती. रात्री दोन-अडीचपर्यंत जागरण, सकाळी चहावर चहा, दुपारी लेक्चरला डुलक्या, संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ आणि रात्री पुन्हा स्क्रीन. पाठ दुखायची, कुणी काही बोललं की चिडायचो. एकदा आईवर फोनवर ओरडलो आणि ती काही न बोलता गप्प बसली. तो गप्पपणा मला फार लागला. डॉक्टरांनी तपासलं, आजार काही नाही म्हणाले, झोप आणि सवयी बघ म्हणाले. त्याच आठवड्यात किर्लोस्करवाडीचा रिपोर्ट लिहायला बसलो आणि बाळासाहेब भेटले.

दुसऱ्या दिवशी जोशात पंचवीस घातले आणि तीन दिवस जिना चढता आला नाही! मग अक्कल आली. रोज सहा, मग बारा. घाई नाही, श्वास मोजत. दहा मिनिटं पुरतात. ती दहा मिनिटं हवीत म्हणून रात्री लवकर झोपावं लागलं, लवकर झोपायचं म्हणून मोबाईल टेबलावर ठेवावा लागला, आणि सकाळी भूक लागायला लागली म्हणून मेसचा नाश्ता चुकेना. एक सवय आली आणि तीन भावंडं घेऊन आली. खोटं कशाला सांगू, सबमिशनच्या आठवड्यात दोनदा खंड पडला. पण पुन्हा सुरू केलं. चाळिशीतला माणूस नव्याने सुरुवात करतो, तर विशीतल्याने लाजायचं कशाला?

एक सांगून ठेवतो. सूर्यनमस्काराने सगळे रोग पळतात असं मी म्हणणार नाही. ज्यांना कमरेचा, रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. कुणाला मंत्र नको असतील तर नुसता श्वास मोजावा. कुणाला पोहणं, कुणाला शाहूपुरीच्या गल्लीतून चालणं, कुणाला तालीम. पण रोज, ठरल्या वेळी, थोडंच पण चुकवायचं नाही.

आईला आता सकाळी फोन करतो, नमस्कार झाल्यावर. आमचं बोलणं चांगलं चाललंय.

तर भावांनो, पुढच्या वेळी गाडीतून किर्लोस्करवाडीची पाटी दिसली की त्या राजाला मनातल्या मनात एक नमस्कार घाला. बाकीचे अकरा सकाळी!